समोरच्याचा से

आमच्या चाळीत साहेबांचं नाव काढायची सोय नाही. कुणी म्हणालं, "त्यांनी बावीस खोल्या वाचवल्या," की लगेच दुसरा तावातावाने उठतो. "वाचवल्या कसल्या? आमच्या पडव्या कापल्या त्या माणसाने!" मग अर्धा तास नुसता कल्ला. आणि शेवटी दोघंही माझ्याकडे बघणार. का, तर मी अकरा वर्षं साहेबांची टायपिस्ट होते. जसं काही मीच त्यांना लहानाचं मोठं केलंय! अहो, मला स्वतःला तो माणूस अजून कळलेला नाही. चांगला होता की चक्रम होता, आमचा होता की त्यांचा होता, विचार करायला लागलं की डोकं धरतं. आज जे आठवेल ते सांगते. तुम्हाला उलगडा झाला तर मलाही सांगा.

तेव्हा माझं टेबल कल्याण कोर्टाच्या बाहेर, पत्र्याखाली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, जे येईल ते टाइप करायचं. साहेब नुकतेच वकील झालेले. सडपातळ, आणि काळा कोट कुणाचा तरी मागून आणल्यासारखा, खांद्यावरून ओघळणारा. सोबत एक रडवेला अशील. माझ्यासमोर स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि मजकूर सांगायला लागले. दोन पानं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याच अशिलाची पिसं काढतोय. अशील दारू पितो, भाडं थकवतो, शेजाऱ्यांशी भांडतो. अशील पांढराफटक! मी हात थांबवला.

"साहेब, तुम्ही नक्की वकील कुणाचे?"

"ह्यांचाच."

"मग हे काय लिहून घेताय?"

"समोरच्याचा से," ते म्हणाले. "तो आधी. आपला नंतर."

से म्हणजे समोरच्या पक्षाचं म्हणणं. शब्द इंग्रजीच, पण आमच्या कोर्टात तो कधीच मराठी होऊन बसलाय. एकाने अर्ज दिला की जज त्यावर लिहितात, समोरच्याने से द्यावा. मग समोरचा वकील तारखा घेत घेत कधीतरी से देतो. सगळ्या दुनियेत ही पद्धत. आमच्या साहेबांची उलटी गंगा. समोरच्याचा से ते स्वतः लिहायचे, तोही असा की समोरच्याच्या वकिलाला सात जन्मांत सुचला नसता. तो लिहून झाला की मान हलवत वाचायचे. "बरोबर आहे की हो ह्यांचं," म्हणायचे. मग दुसरा कागद घालायला सांगायचे. आपला दावा त्यानंतर. ह्या कामासाठी त्यांनी मला आपल्याकडेच ठेवून घेतलं.

मला पहिले सहा महिने वाटायचं, हा माणूस महिन्याभरात उपाशी मरणार. तसं झालं नाही. एका विधवा बाईच्या खोलीचं प्रकरण होतं. साहेबांनी उभं राहून आधी दिराची बाजू मांडली, अशी चोख की दिराचा वकील वहीत उतरवून घ्यायला लागला. मग एकेक मुद्दा घेऊन तो कसा टिकत नाही ते सांगितलं. जजसाहेबांनी चष्मा काढला. दिराच्या वकिलाला विचारलं, "तुम्हाला आता काही बोलायचं उरलंय का?" तो बिचारा म्हणाला, "नाही." खोली बाईला मिळाली. तिने माझ्या टेबलावर पेढे आणून ठेवले आणि हळूच विचारलं, "ताई, हे माझेच वकील होते ना?"

पण दर वेळी पेढे येत नव्हते. एका रिक्षावाल्याच्या केसमध्ये समोरच्याची बाजू मांडली, आणि ती काही केल्या खोडून काढता येईना. साहेब मध्येच गप्प झाले. केस गेली. रिक्षावाला व्हरांड्यात मोठ्याने रडला. त्यानंतर स्टँडवरचा एकही रिक्षावाला साहेबांना घेईना. साहेब भर उन्हात चालत स्टेशनला जायचे. मी म्हटलं, "साहेब, बोला ना त्या लोकांशी." तर म्हणाले, "काय बोलू? त्यांचं म्हणणं बरोबर आहे." घ्या!

त्यांचं गाव डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीजवळ. आजोबा मिठागरावर काम करायचे, बापाने भातशेती केली, मग जमिनीचे भाव वाढले आणि घरावर मजले चढले. आई मात्र तशीच राहिली. एकदा मुलाचा डबा घेऊन कोर्टात आलेली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाय, आमचा पोर जरा येरा हाय. त्याला सांबाल." आता काय सांगू त्या माऊलीला? तिचा येरा, म्हणजे वेडा, पोर तेव्हा चहावाल्याला समजावून सांगत होता की महापालिकेने त्याची टपरी उचलली तर महापालिकेचं काय काय बरोबर असेल.

लग्नाची गोष्ट तर सगळ्या बार रूमला पाठ होती. मुलगी बघायला गेले. कांदेपोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग तुमचं काय मत?" ह्यांनी सांगितलं, "तुमच्या बाजूने विचार केला तर हे स्थळ नाकारलेलं बरं." आणि कारणं सुरू! उत्पन्नाचा भरवसा नाही, आईचा आवाज मोठा, स्वभाव विक्षिप्त. वडील आ वासून बघत राहिले. आतून मुलगी म्हणाली, "बाबा, हो म्हणा. एवढं खरं सांगणारा दुसरा यायचा नाही." झालं लग्न. वहिनी मला पुढे म्हणायच्या, "अहो, ह्यांच्याशी भांडायची चोरी आहे. मी तोंड उघडायच्या आत हे माझी बाजू मांडून मोकळे. मग मी काय भिंतीशी भांडू?"

असा माणूस राजकारणात कसा गेला, हे तर आजवर कुणालाच कळलं नाही. झालं असं की गावातली दोन मोठी माणसं तिकिटासाठी हातघाईवर आली. दोघांपैकी कुणाला दिलं तरी दुसरा पाडणार. मग कुणाच्याच अध्यातमध्यात नसलेला, शिकलेला, भूमिपुत्र असा माणूस हवा झाला. साहेबांच्या गळ्यात माळ पडली. पहिल्या सभेला मी गेलेले. माइक हातात घेऊन म्हणतात कसे, "समोरच्या उमेदवाराने जो नाला बांधलाय तो चांगला आहे. मी स्वतः बघून आलो." कार्यकर्त्यांनी कपाळावर हात मारला. आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. निवडून आले. नाल्यामुळे आले की टाळीमुळे, देव जाणे.

नंतर ते एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेले. आता कुठल्या पक्षात आहेत हे मला विचारू नका, मलाच दोनदा विचारून घ्यावं लागलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "साहेब, हे काय केलंत?" ते म्हणाले, "ताई, मी गेलो ते चूक कसं, हे सांगू, की बरोबर कसं, हे सांगू? दोन्ही तयार आहे." मला हसावं की रडावं कळेना. तुम्हीच सांगा, अशा माणसाला खरा म्हणायचं की पक्का म्हणायचं?

आणि एका सकाळी टीव्हीवर शपथ घेताना दिसले. मंत्री! आमच्या चाळीत फटाके लागले. दुपारी मला फोन आला. "ताई, मी मंत्री झालो. ह्यावर समोरच्याचा से काय असेल?"

"समोरचे म्हणतील, ह्याला त्यातलं काय कळतं?"

"बरोबर आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना आता सरकारी माणसं मिळाली. मी परत माझ्या टेबलावर आले. पण चाळीत माझा भाव वधारला. मीही काही कमी नव्हते. नळावर, विहारात, लग्नात, जिथे माणूस भेटेल तिथे मी साहेबांचं कौतुक सांगायचे. "मरेल पण खोटं बोलायचा नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. लोक कंटाळून म्हणायचे, "हो बाई, माहितीये."

मग नोटीस आली. आमची चाळ विठ्ठलवाडीची, बावीस खोल्यांची, रस्त्याला लागून. रस्ता रुंद करायचा, म्हणून सगळीच्या सगळी चाळ जाणार. बावीस घरं! माझी आई त्या खोलीत लग्न होऊन आली, माझे वडील तिथेच गेले. बाया रडायला लागल्या. अपील केलं, आणि ते फिरत फिरत गेलं कुणाच्या खात्यात? साहेबांच्या. तिथे असली अपिलं मंत्री स्वतः ऐकतात. चाळीने मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आमचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "आता काय घाबरायचं? आपला जज आहे."

मी ठाण्याला त्यांच्या ऑफिसात गेले. बाहेर पन्नास माणसं. त्यांनी मला लगेच आत घेतलं, चहा मागवला. मी विषय काढला तर हात वर केला. "तुमची बाजू तुम्ही माझ्या कानात सांगितलीत, तर तो वशिला झाला. ते मला चालणार नाही."

"साहेब, आमची घरं जातायत हो!"

"कळतंय. तुमचं मी सुनावणीत सगळ्यांसमोर ऐकीन." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "त्यांची बाजू लिहून आणाल?"

"कुणाची?"

"महापालिकेची. तुम्ही लिहा. त्यांचे लोक नीट लिहीत नाहीत."

मी तिथून निघाले ती तणतणत. म्हटलं, मेली ती अकरा वर्षं! स्वतःच्या घरावर नांगर फिरवायला मलाच सांगतात? पण रविवारी कागद घेऊन बसलेच. सवय वाईट असते. आणि लिहायला बसल्यावर मला ते आठवलं, जे अख्ख्या चाळीला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या मूळ खोल्या रस्त्यापासून आत होत्या. पुढच्या पत्र्याच्या पडव्या नंतरच्या, गटारावर लाद्या टाकून वाढवलेल्या. सहा-सहा फूट. आमच्या अपिलात त्याचा उल्लेखच नव्हता, कारण ते अपील मीच टाइप केलेलं आणि अण्णांनी सांगितलेलं की ते लिहू नकोस. आईची खाट पडवीत. तिला आत दम लागतो. ती खाटेवर पडून मला बघत होती आणि मी लिहीत होते: पडव्या बेकायदा आहेत, त्या काढल्या तर रस्त्याला हवी ती जागा निघते, आणि अपीलकर्त्यांनी ही गोष्ट लपवली आहे. सोमवारी जाऊन पाकीट साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. "बरोबर आहे की हो ह्यांचं," म्हणाले. मला रडू आलं.

सुनावणीत त्यांनी आधीच सांगून टाकलं की ह्या बाई माझ्याकडे अकरा वर्षं कामाला होत्या, कुणाची हरकत आहे का? महापालिकेचा वकील नाही म्हणाला. पाकिटाचं मात्र नाव नाही. आमचं ऐकलं, त्यांचं ऐकलं आणि म्हणाले, "मी येऊन बघतो."

आले. पांढरे कपडे, मागे गाड्या, पोलीस. चपला काढल्या आणि गटाराच्या कडेकडेने टाचेला अंगठा लावत पावलं मोजत चालायला लागले. एका इंजिनिअरने टेप पुढे केली तर म्हणाले, "असू द्या, माझा आजा मिठागर असंच मोजायचा." चाळीतली पोरं हसत होती. मोठी माणसं हसत नव्हती, कारण साहेब खोल्यांकडे बघतच नव्हते. सरळ पडव्यांपाशी जाऊन खालच्या लाद्या बघत होते.

निकाल आला. चाळ राहील. पडव्या जातील. दोन दिवसांत मशीन आलं आणि एकवीस पडव्या गेल्या. एकवीस, कारण आठ नंबरच्या भालेराव काकांनी पडवी कधी बांधलीच नव्हती. कारखान्यातून रिटायर झालेला एकटा माणूस. "गटारावर बांधायचं नसतं," म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांशी वाद घालायचा.

आता तुम्ही म्हणाल, बावीस घरं वाचली, लोक खूश झाले असतील. छे! चार दिवस झाले, पाचव्या दिवशी कुरकुर सुरू. मंत्री आपला होता, मनात आणलं असतं तर सगळंच राहिलं असतं. आणि पडव्यांचं त्याला सांगितलं कुणी? कुणी फोडलं? अण्णा म्हणाले, "चला, विचारू त्यालाच." वेळ घेतली. आम्ही पंधरा जण ठाण्याला गेलो. मी पण. न जाऊन कसं चालेल?

अण्णांनी सरळच विचारलं. मला माहीत होतं, हा माणूस खोटं बोलणार नाही. आता माझं नाव घेणार, आणि मग मला आणि माझ्या आईला त्या चाळीत पाणी कोण देणार? साहेब पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"खोली नंबर आठ," म्हणाले.

मी बोलायला हवं होतं. तिथेच. माझी जीभ उचललीच नाही. परतताना सगळे भालेराव काकांना शिव्या घालत होते आणि मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा आधी मला हायसं वाटलेलं.

काकांशी सगळ्यांनी बोलणं टाकलं. जयंतीची वर्गणी घ्यायला पोरं सात नंबरला गेली, नऊ नंबरला गेली, आठ नंबर सोडला. काका दारात उभे होते, शर्टाची बटणं लावून. पोरं समोरून गेली. ते मी डोळ्यांनी बघितलं. पुढच्या महिन्यात काका खोलीला कुलूप लावून कोपरला मुलाकडे गेले. त्यांचं सामान टेम्पोत चढवायला चाळीतलं कुणी खाली उतरलं नाही.

मला झोप लागेना. शेवटी एका रविवारी कोपरला गेले. काका गॅलरीत पेपर वाचत होते. मी पायाच पडले. "काका, ते मी लिहिलेलं."

"माहितीये," म्हणाले. "बस."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या साहेबांनी. तुम्ही लोक ठाण्याला जायच्या आदल्या दिवशी फोन आलेला. म्हणाले, काका, चाळ मला नाव विचारणार. तुमचं घेऊ का? मी म्हटलं, घ्या. मी तसाही मुलाकडे जाणार होतो. त्या पोरीला आजारी आईला घेऊन तिथेच राहायचंय."

"काका, पण तुम्ही…"

"अगं, मी वीस वर्षं तेच तर ओरडत होतो. खोटं काय त्यात?" आणि हसले. मग पेपरची घडी घालता घालता म्हणाले, "फक्त जयंतीला वाईट वाटलं."

मी जिना उतरले आणि रस्त्यातच साहेबांना फोन लावला. कधी नव्हे तो त्यांनी स्वतः उचलला. मी भडाभडा बोलले. मंत्री आहे, काय आहे, काही बघितलं नाही. "अख्खं आयुष्य सगळ्यांचं ऐकून घेतलंत. माझ्याबद्दल ठरवताना मला नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," ते म्हणाले.

"म्हणालेच असते!"

"मग मला खरं सांगावं लागलं असतं."

मी रागाने फोन बंद केला. आणि पुढे विठ्ठलवाडीपर्यंत रडत आले. राग होता, उपकार होते, की नुसती स्वतःचीच लाज, मला आजही वेगळं काढता येत नाही. हा माणूस माझ्यासाठी, माझ्या माहितीतलं एकुलतं एक खोटं बोलला. आणि ते एका भल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. ह्याला मोठेपणा म्हणायचं का? मला नाही म्हणवत. नीचपणा म्हणायचं का? तेही तोंडातून निघत नाही.

एक ठरवलं मात्र. त्याच आठवड्यात विहारात चाळीची मीटिंग होती. झाडूवाल्याचा विषय संपला, पाण्याच्या मोटरचा संपला. आई भिंतीला टेकून बसलेली. मी उभी राहिले.

"मला एक सांगायचंय. पडव्यांचं भालेराव काकांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं."

अण्णांनी चष्मा वर केला.

"अगं, मंत्र्याने तोंडाने सांगितलंय, आठ नंबर. आम्ही पंधरा जण उभे होतो. तू पण उभी होतीस."

"ते खोटं बोलले, अण्णा."

"तुला म्हाताऱ्याची दया येतेय, कळतंय आम्हाला. मन मोठं आहे तुझं. बस खाली."

"अण्णा, शपथ घेऊन सांगते! साहेब खोटं बोलले. मला वाचवायला."

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं ए, इतकी वर्षं तूच आमचं डोकं खाल्लंस ना, की तो माणूस मरेल पण खोटं बोलणार नाही? आता तोच खोटारडा झाला काय?"

सगळं विहार हसलं. अण्णा हसले, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी प्रेमाने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि पुढचा विषय निघाला.

आई तेवढी हसली नाही.